युरोपचे सासरे आणि मावशीची वही : कोपनहेगनचे पाच दिवस

मावशीच्या पर्समध्ये कायम एक शंभर पानी वही असते. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या आमच्या गोतावळ्यात कुणाची पोरगी कुठे दिली, कुणाची सून कुठून आली, कुणाचा साडू कोण आणि कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्यात टिपलेलं. एखादं स्थळ आलं की लोक आधी मावशीला फोन करतात, मग भटजींना.

गेल्या जुलैत मावशी लेकाकडे स्वीडनला, माल्मोला निघाली. एकटीला विमानाची धास्ती, म्हणून सोबत मी. मावसभाऊ दिवसभर ऑफिसात. तो म्हणाला, "पूल ओलांडला की कोपनहेगन. चाळीसेक मिनिटांची ट्रेन आहे, रोज जाऊन या." आता कोपनहेगन म्हटलं की लोक जलपरीचा पुतळा बघतात, रंगीत घरांसमोर फोटो काढतात. आम्ही तेही केलं, पण अर्ध्या तासात उरकलं. कारण जायच्या आधी मी मावशीला एक गोष्ट सांगून बसले होते. डेन्मार्कचा एक राजा होता, ख्रिश्चन नववा. त्याची एक लेक इंग्लंडच्या राजाला दिलेली, दुसरी रशियाच्या झारला, आणि एक मुलगा ग्रीसच्या गादीवर. त्याला अख्खा युरोप 'युरोपचे सासरे' म्हणायचा.

मावशीनं वही काढून कोरं पान उघडलं. "मुलं किती? आणि राणीचं माहेर कुठलं?"

दिवस पहिला

आमालियनबोर्ग म्हणजे एका आठकोनी चौकाभोवती उभे असलेले चार सारखे वाडे. दुपारी बाराला पहारा बदलतो. त्याआधी अर्धा तास शिपाई रोसेनबोर्गच्या बाजूनं गावातून चालत येतात, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या. त्या दिवशी नेमकं ऊन होतं. सगळे कॅमेरे वर, आणि मावशीची नजर एका कोवळ्या शिपायाच्या कानामागून ओघळणाऱ्या घामावर. "पोराला कुणी पाणी तरी देतं का?" हे ती मराठीत बोलली, तरी शेजारची बाई मान डोलावून हसली.

चारातल्या एका वाड्यात संग्रहालय आहे. तिथे जुन्या राजांच्या खोल्या जशाच्या तशा मांडून ठेवल्यात. ख्रिश्चन नवव्याची अभ्यासिका आणि त्याच्या लुईस राणीची बैठक पाहिली आणि मी दारातच थांबले. मला वाटलं होतं दरबार असेल, निघालं ते आजीचं घर. टेबलांवर, फडताळांवर, पियानोच्या आसपास फ्रेमच फ्रेम. जावयांचे फोटो, नातवंडांचे फोटो, लेकींनी धाडलेल्या भेटवस्तू. रिकामी जागा म्हणून नाही. आपल्याकडे शोकेसमध्ये दुबईहून आलेला ताजमहाल आणि नातवाच्या बारशाचा फोटो शेजारी शेजारी असतो ना, तसंच, फक्त इथे नातू पुढे झार झालेला.

मावशीचा पहिला प्रश्न रास्त होता. "एवढे मोठे जावई मिळाले म्हणजे बापाकडे काहीतरी असणार."

खरं तर काही नव्हतं. ख्रिश्चन राजाचा मुलगाच नव्हता. श्लेस्विगमधल्या ग्लुक्सबुर्ग नावाच्या धाकट्या पातीतला, सैन्यातला माणूस. गादीवरच्या सातव्या फ्रेडरिकची तीन लग्नं झाली, मूल एकही नाही. तिसरी बायको तर सामान्य घरातली, लुईस रासमुसन. तिला मूल झालं असतं तरी गादी मिळाली नसती. मग १८५२मध्ये लंडनला बड्या राष्ट्रांनी बसून वारस ठरवला, तो हा ख्रिश्चन. ठरवताना एक गोष्ट त्याच्या कामी आली, त्याची बायको. हेसेची लुईस ही आधीच्या आठव्या ख्रिश्चन राजाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. रक्ताच्या हिशेबानं हक्क तिचाच जवळचा.

"म्हणजे घरजावईच की," मावशी म्हणाली आणि तसं लिहिलंही. मी दुरुस्त केलं नाही.

बाहेर पडून आमालियगाडे रस्त्यानं दोन मिनिटं चाललं की पिवळा वाडा लागतो. नावच ते, पिवळा वाडा. आत सोडत नाहीत, तिथे राजघराण्याची कार्यालयं आहेत. रस्त्यालगतची सरळ भिंत, पुढे बाग नाही की कमान नाही. आम्ही तर एकदा पुढे निघून गेलो आणि परत फिरलो. सहा मुलं इथे वाढली : फ्रेडरिक, अलेक्झांड्रा, विल्हेल्म, डागमार, थिरा, वाल्डेमार. अलेक्झांड्रा आणि डागमार एका खोलीत झोपायच्या, आपले कपडे आपण शिवायच्या. परीकथावाले हान्स ख्रिश्चन अँडरसन अधूनमधून येऊन मुलांना गोष्टी सांगायचे म्हणतात.

या घरात १८६३ साल कसं गेलं असेल, ते मी मावशीला फुटपाथवर उभं राहूनच सांगितलं. मार्चच्या १० तारखेला अलेक्झांड्राचं विंडसरला लग्न, व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाशी, एडवर्डशी. त्याच महिन्याच्या शेवटी अथेन्सच्या सभेनं सतरा वर्षांच्या विल्हेल्मला ग्रीसचा राजा निवडलं. नाव बदलून जॉर्ज पहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो तिथे पोचला. आणि नोव्हेंबरच्या १५ तारखेला फ्रेडरिक सातवा वारला, तेव्हा कुठे बाप डेन्मार्कचा राजा झाला. लेक आधी गादीवर, बाप नंतर!

"आणि आई?" मावशीनं विचारलं. "एका वर्षात एक लेक गेली आणि एक लेक गेला तिचा."

वेळेबाबत एक सांगते. संग्रहालयाचे सुट्टीचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. नोटा बदलून न्यायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पाच दिवसांत रोख पैसे एकदाही दिले नाहीत. दोन्हीकडे क्रोनच, पण डेन्मार्कचा वेगळा आणि स्वीडनचा वेगळा, याचा मावशीला शेवटपर्यंत राग होता.

दिवस दुसरा

सकाळपासून भुरभुर. क्रिश्चियान्सबोर्गला गेलो, म्हणजे संसद भरते तो राजवाडा; राजाची दरबारी दालनं त्यातच आहेत. आत शिरताना बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लागतात. मावशीनं सरळ चपला काढल्या. पहारेकरी गोंधळला, मग त्यानंच वाकून तिच्या चपलांना पिशव्या घालून दिल्या आणि पुन्हा पायात घालायची खूण केली.

इथे आम्हाला एकच चित्र बघायचं होतं. लॉरिट्स टुक्सेन या चित्रकारानं १८८०च्या दशकात काढलेलं, फ्रेडेन्सबोर्गच्या दिवाणखान्यात जमलेलं ख्रिश्चन नवव्याचं कुटुंब. भिंतभर कॅनव्हास. म्हातारे राजाराणी, भोवती लेकी, सुना, जावई, आणि पायात पायात येणारी नातवंडं. लग्नात शेवटी सगळ्यांना स्टेजवर बोलावून काढतात तसला फोटो. मावशी पुढच्या बाकावर बसली. "चल, एकेक सांग."

तासभर गेला, आणि त्या तासाभरात माझी एक जुनी अडचण सुटली. ही घराणी मी इंग्रजीत वाचत आले. तिथे सगळे एकजात 'कझिन'. पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना कैसर कझिन, झार कझिन, इंग्लंडचा राजा कझिन. वाचून डोक्यात काही राहायचं नाही. मावशीनं पेन घेतलं आणि सगळं जागेवर बसलं.

अलेक्झांड्रा आणि डागमार सख्ख्या बहिणी. म्हणजे इंग्लंडचा सातवा एडवर्ड आणि रशियाचा तिसरा अलेक्झांडर साडू. त्यांची मुलं, पाचवा जॉर्ज आणि दुसरा निकोलस, मावसभाऊ. फोटोत दोघे जुळे वाटतात ते उगीच नाही, दोघांचा तोंडवळा आयांकडून आलेला. जर्मनीचा कैसर विल्हेल्म हा एडवर्डच्या थोरल्या बहिणीचा, व्हिकीचा मुलगा. म्हणजे जॉर्जचा आतेभाऊ. निकोलसची बायको ॲलिक्स ही एडवर्डच्या दुसऱ्या बहिणीची, ॲलिसची लेक. म्हणजे ती जॉर्जची आतेबहीण आणि कैसरची मावसबहीण. आणि ग्रीसला गेलेल्या भावानं, जॉर्जनं, १८६७मध्ये ओल्गाशी लग्न केलं, ती तिसऱ्या अलेक्झांडरची चुलतबहीण. तर डागमारला ती भावजयही आणि चुलत नणंदही.

"मग जर्मनीवाला यांचा सख्खा कुणीच नाही," मावशी वहीकडे बघत म्हणाली. "हा व्हिक्टोरियाकडून लागतो, मावशीकडून नाही."

अगदी बरोबर. आणि ते तुटलेपण नुसत्या रक्ताचं नव्हतं. अलेक्झांड्राचं लग्न जुळवण्यात पुढाकार याच व्हिकीचा, प्रशियात दिलेल्या नणंदेचा. तिनंच १८६१च्या सप्टेंबरमध्ये श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये दोघांची 'सहज' भेट घडवून आणली. (मावशी : "देवळात मुलगी दाखवायची, हे बरं असतं. नाही पटलं तर दर्शन तरी होतं.") पण लग्नाला वर्षही झालं नव्हतं तोच, १८६४मध्ये, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं डेन्मार्कवर स्वारी केली आणि श्लेस्विग-होल्स्टाइन घेतलं. अलेक्झांड्रा तेव्हा पहिल्या बाळंतपणातून उठत होती. एकीकडे नणंदेचं सासर, दुसरीकडे स्वतःचं माहेर, आणि सासूबाई व्हिक्टोरियांचा ओढा जर्मनीकडे. तिनं प्रशियाला जन्मभर माफ केलं नाही. धाकटी बहीण थिरा, तिलाही हॅनोवरच्या राजपुत्राला दिली, ज्याच्या बापाचं राज्य प्रशियानं १८६६मध्ये गिळलं होतं. मोठ्या घरातलं भांडण असंच सोयरिकीतून पसरतं, त्याला जाहीरनामा लागत नाही.

अजून एक लग्न मावशीला पटलं नाही ते नाहीच. थोरल्या फ्रेडरिकचा मुलगा कार्ल यानं १८९६मध्ये अलेक्झांड्राच्या लेकीशी, मॉडशी लग्न केलं. १९०५मध्ये दोघे नॉर्वेचे राजाराणी झाले. "मामाची मुलगी केली असती तर समजले असते. आत्याची मुलगी? गेलेली वेल परत आणू नये म्हणतात." तिनं त्या दोन नावांमधल्या रेघेखाली लाल पेनानं फुली मारली.

दुपारी स्मोरेब्रोड खाल्लं. राय नावाच्या धान्याच्या काळ्या, दाट पावाच्या कापावर लोणी आणि वर काय काय रचलेलं. वरचा बहुतेक ऐवज मासे-मांसाचा, पण शाकाहारी माणसानं उकडलेल्या बटाट्याचं मागावं, ते जवळपास सगळीकडे मिळतं. बटाट्याच्या चकत्या, मेयोनीज, कांद्याची पात. मावशीनं पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून वर भुरभुरली. खरं सांगते, फार फरक पडला.

संध्याकाळी ब्रेडगाडेवरचं रशियन चर्च बघितलं, तीन सोनेरी कांद्यासारखे घुमट. झार अलेक्झांडर तिसऱ्यानं पैसे देऊन १८८३मध्ये उभं केलेलं. बायकोच्या माहेरी गेल्यावर पूजेची सोय हवी म्हणून! आजूबाजूच्या करड्या डॅनिश इमारतींत ते अगदी सुनेच्या माहेरून आलेल्या फर्निचरसारखं दिसतं.

दिवस तिसरा

फ्रेडेन्सबोर्ग. ज्यासाठी आलो होतो ते.

एस-ट्रेननं हिलेरोडपर्यंत, तिथून छोट्या लोकल गाडीनं दहाएक मिनिटं. राजवाड्याचा आतला भाग फक्त उन्हाळ्यात, तोही जुलै आणि ऑगस्टच्या सुरुवातीचे थोडे दिवस, मार्गदर्शकाबरोबरच बघता येतो. तिकीट आधी काढायचं. मी काढलं होतं. फक्त काढताना भाषेचा रकाना बघितला नव्हता. आमचा गट डॅनिश भाषेतला निघाला.

चूक माझीच. इंग्रजी गट पुढचा, आणि तो भरलेला. मावशी म्हणाली, "चल गं. घर बघायला भाषा कशाला लागते?" आम्ही त्या वीस डॅनिश माणसांच्या मागे मागे चालू लागलो. दुसऱ्याच दालनात पंचाहत्तरीच्या एक आजी आमच्या शेजारी आल्या आणि हळू आवाजात, तुटक इंग्रजीत, ऐकलेलं आम्हाला सांगू लागल्या. नाव विचारलं नाही. निवृत्त शिक्षिका आहे, एवढंच म्हणाल्या. मार्गदर्शक मुलगी वाक्य संपवून थांबायची, आमच्या आजींचं पूर्ण होईपर्यंत वाट बघायची, मग पुढे. शेवटी शेवटी सगळा गटच आजींची वाट बघू लागला.

वाडा १७२०च्या दशकातला. स्वीडनबरोबरचं लांबलेलं युद्ध संपलं म्हणून बांधला, आणि नावातच शांतता. ख्रिश्चन नवव्याच्या काळात इथे उन्हाळ्यात, शरदात सगळ्या लेकी माहेरपणाला यायच्या. एकट्या नाही; नवरे, मुलं, दाया, मास्तर, नोकरचाकर. झारचं कुटुंब बोटीनं यायचं. टुक्सेनच्या चित्रातला तो बागेकडचा दिवाणखाना प्रत्यक्षात बघितला आणि मला तो लहान वाटला. एवढी माणसं इथे मावली कशी? मावशी म्हणाली, "माहेरी जागा मोजत नाहीत."

आजींनी एका खिडकीकडे बोट दाखवलं. काचेवर ओरखडे. जवळ गेल्यावर अक्षरं दिसली. इथे येणाऱ्या पाहुण्यांनी हिऱ्याच्या टोकानं काचेवर सही करायची, ही इथली रीत, आणि ती अजून चालू आहे. मी नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. बारीक, थरथरती रेघ. काचेच्या पलीकडे ओलं गवत, आणि कलतं ऊन पडलं की अक्षर क्षणभर चमकून पुसट होई. कुणाचं होतं ते वाचता आलं नाही.

सगळ्यात जास्त कुणाला इथे यायला आवडायचं, तर थोरल्या झारला, तिसऱ्या अलेक्झांडरला. आजींनी हे सांगताना हातानं त्याची रुंदी दाखवली. अवाढव्य माणूस. १८८१मध्ये त्याच्या वडिलांना बॉम्ब टाकून मारलं, तेव्हापासून रशियात तो पहाऱ्याआड राहायचा. इथे सासुरवाडीला मात्र पोराटोरांना घेऊन बागेत हुंदडायचा, त्यांच्याबरोबर बेडूक पकडायचा. एकदा म्हणे त्यानं स्वीडनच्या राजावर बागेतल्या नळीनं पाणी उडवलं. खरंखोटं देव जाणे, पण आजी हसू दाबत सांगत होत्या आणि मार्गदर्शक मुलगीही थांबून ऐकत होती. दुसऱ्या जावयाला, म्हणजे इंग्लंडच्या एडवर्डला, घरातल्या बर्टीला, इथे भयंकर कंटाळा यायचा. जुगार नाही, रंगढंग नाहीत, रात्री लवकर निजानीज.

जेवणाच्या टेबलावर राजकारण काढायचं नाही, असा लुईस राणीचा दंडक होता म्हणतात. असणारच. १८८५मध्ये अफगाणिस्तानच्या सीमेवर पंजदेहला रशियन फौज घुसली, हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारनं युद्धाची तयारी मांडली. दोन्ही साडूंची सासुरवाडी मात्र ही एकच. बिस्मार्कला वाटायचं, या घरात बसून जर्मनीविरुद्ध कट शिजतो. मला तरी वाटतं, कट शिजवायला निवांत खोली लागते, आणि इथे प्रत्येक खोलीत चार पोरं असणार.

बाहेर पडल्यावर बाग. ती वर्षभर, फुकट, सगळ्यांना खुली. एका खोलगट जागी नॉर्वे आणि फेरो बेटांवरच्या शेतकरी-कोळ्यांचे दगडी पुतळे गोल मांडलेत, साठ-सत्तर तरी असतील. राजेराण्या बघून थकलेल्या डोळ्यांना बरं वाटतं. आणखी खाली उतरलं की एस्रुम तळं. तिथे बाकावर बसून आम्ही तिघींनी (आजीही आल्या होत्या) कोल्डस्कोल खाल्लं. उन्हाळ्यातला खास प्रकार : गार, गोडसर ताक, त्यात व्हॅनिला आणि लिंबू, वरून कुस्करलेली खुसखुशीत बिस्किटं. मावशीनं पहिला चमचा संशयानं घेतला. "ताकात साखर!" दुसरा घेतला. मग बोलली नाही. त्या बिस्किटांचं नाव कामयुंकर. आजींनी अर्थ सांगितला : राजाच्या दरबारातला एक हुद्दा. डॅनिश माणसं आपल्या दरबाऱ्यांना रोज ताकात बुडवून खातात!

निघताना आजींनी मावशीची वही मागितली, पान नीट बघितलं. देवनागरी एक अक्षर कळत नव्हतं, पण रेघांवरून ओळखून एकेका चौकटीवर बोट ठेवत म्हणाल्या, अलेक्झांड्रा, डागमार, थिरा. तिन्ही बरोबर.

दिवस चौथा

रात्रभर पाऊस, सकाळी वारा. रोस्किल्डला ट्रेननं पंचवीस मिनिटं. डेन्मार्कचे राजे इथल्या लाल विटांच्या कॅथेड्रलमध्ये पुरतात. १९९५पासून जागतिक वारसा यादीत आहे. छत्री घेऊ नका, वाऱ्यात उलटते. टोपीचं जाकीट घ्या.

आत एक गमतीचा खांब आहे, त्यावर येऊन गेलेल्या राजांच्या उंचीच्या खुणा केल्यात. रशियाचा पीटर द ग्रेट आहे, सयामचा राजा चुलालोंगकॉर्नही आहे. मावशी खांबाला पाठ लावून उभी राहिली. ती सगळ्यांत खाली.

ख्रिश्चन नवव्याचं थडगं पांढऱ्या संगमरवराचं, त्याच्यापाशी शोक करणाऱ्या तीन स्त्रिया. घडवणारा एडवर्ड एरिकसन, म्हणजे बंदरावरच्या जलपरीचाच शिल्पकार. जलपरीभोवती आम्ही धक्काबुक्कीत फोटो काढला होता, इथे आमच्याशिवाय एक जर्मन जोडपं. शेजारी लुईस. १८९८मध्ये ती गेली, तो १९०६मध्ये.

मावशी डागमारला शोधत होती. मी म्हटलं, होती इथेच, पण नेली. तिची गोष्ट मी मुद्दाम उशिरापर्यंत सांगितली नव्हती.

डागमारचं लग्न आधी रशियाच्या थोरल्या युवराजाशी, निकोलसशी ठरलं होतं. दोघांना एकमेक आवडलेही. १८६५च्या एप्रिलमध्ये तो फ्रान्समध्ये नीसला आजारी पडला आणि गेला. ती धावत जाऊन पोचली होती. त्यानं शेवटी धाकट्या भावाचा आणि तिचा हात एकमेकांत दिला, असं सांगतात. रशियाला सून म्हणून तीच हवी होती, कोपनहेगनलाही सोयरीक सोडायची नव्हती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये धाकट्या अलेक्झांडरशी लग्न. धर्म बदलला, नाव बदललं : मारिया फ्योदोरोव्हना. ती बोटीत चढली त्या दिवशी धक्क्यावरच्या गर्दीत म्हातारे अँडरसनही उभे होते.

"म्हणजे दीर," मावशी म्हणाली. बराच वेळ ती वहीत काहीच लिहीत नव्हती. मग म्हणाली, "आपल्या बडोद्याच्या इंदिराराजेंनी ग्वाल्हेरचं ठरलेलं मोडलं ना, आणि स्वतःच्या पसंतीनं कूचबिहारला गेल्या. तेव्हा केवढा गहजब झाला होता." ते लग्न झालं १९१३मध्ये, लंडनला. मी तिला सांगितलं, त्याच १९१३मध्ये, मे महिन्यात बर्लिनला कैसरच्या लेकीचं लग्न झालं ते थिराच्या मुलाशी. हॅनोवर आणि प्रशियाचं जुनं वैर त्या लग्नात मिटलं. झार आला, इंग्लंडचा राजा आला. आतेभाऊ, मावसभाऊ, सगळे एका मांडवात. पुढच्या उन्हाळ्यात महायुद्ध.

आणि डागमार? तिचा धाकट्याबरोबरचा संसार मात्र चांगला झाला, हे नोंदवायला हवं. नवरा इमानी निघाला, जे तिच्या बहिणीच्या वाट्याला आलं नाही. पण क्रांतीत मुलगे, सून, नातवंडं मारली गेली. ती १९१९मध्ये इंग्रजांच्या युद्धनौकेतून क्रिमियातून सुटली आणि माहेरी परतली. मुलगा मेला हे तिनं कधी मानलं नाही. १९२८मध्ये वारल्यावर शवपेटी या कॅथेड्रलमध्ये होती, ती २००६मध्ये नवऱ्याशेजारी ठेवायला सेंट पीटर्सबर्गला नेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी सासरी पाठवणी.

दिवस पाचवा

शेवटच्या दिवशी घाई नको म्हणून दोनच जागा. आधी बर्नस्टॉर्फ, या कुटुंबाचं उन्हाळी घर. बागेत लुईस राणीच्या नावाचं गवती छपराचं चहाघर आहे. उन्हाळ्यात चालू असतं, पण वेळा बघून जा. आम्ही पोचलो तेव्हा चहा तयार होता आणि बसायला जागा नव्हती, तरी एका कुटुंबानं सरकून दिली.

मग क्लाम्पेनबोर्ग स्टेशनला उतरून समुद्राच्या कडेनं चालत ह्विडोर. पांढरा, इटालियन धाटणीचा बंगला, रस्त्यापलीकडे थेट पाणी. आत जाता येत नाही, फाटकाबाहेरूनच बघायचं. गाइडबुकं याला दोन ओळी देतात. मला तो सगळ्या राजवाड्यांपेक्षा आवडला.

वडील १९०६मध्ये गेल्यावर अलेक्झांड्रा आणि डागमारनं मिळून हे घर घेतलं. एक इंग्लंडची राणी, एक रशियाची राजमाता, आणि माहेर आता भावाचं झालेलं. भावाच्या घरी पाहुणी म्हणून किती दिवस जाणार? म्हणून स्वतःचं. दर वर्षी दोघी ठरवून इथे यायच्या. युद्धानंतर डागमार इथेच राहिली. काही काळ आमालियनबोर्गला भाच्याच्या, म्हणजे दहाव्या ख्रिश्चन राजाच्या शेजारी होती, पण जमलं नाही. भाचा काटकसरी. एका रात्री त्यानं नोकर पाठवून कळवलं म्हणे, की विजेचं बिल फार येतंय, दिवे कमी लावा. आत्याबाईंनी वाड्यातला एकूण एक दिवा लावायला सांगितला. शेवटी खर्चाला पैसे दिले ते भावाच्या नाही, बहिणीच्या मुलानं, लंडनच्या पाचव्या जॉर्जनं : वर्षाला दहा हजार पौंड.

बाकावर बसून हे सांगताना मी मावशीला फोनवर एक जुना फोटो दाखवला. १८७३मध्ये डागमार लंडनला बहिणीकडे गेली होती, तेव्हा दोघी रोज सारखे कपडे घालून बाहेर पडायच्या. फोटोतही तसंच, एकाच कापडाचे दोन झगे.

मावशीनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. माझ्या लग्नातला आई आणि मावशीचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. दोघींची एकाच ठाणातली इरकल, काठसुद्धा एक. निवृत्त झाल्यावर नृसिंहवाडीला दोन खोल्या घ्यायच्या दोघींचं ठरलं होतं. जागाही बघून ठेवली होती. आई गेली त्याला आता चार वर्षं झाली.

"किती वर्षं मिळाली यांना या घरात?"

"युद्धापर्यंत धर. सात-आठ वर्षं. त्यातही वर्षातले थोडेच दिवस."

तिनं मान हलवली. समोर पाणी, पाण्यापलीकडे स्वीडनचा किनारा करड्या रेघेसारखा. "माझ्या लेकाचं गाव तेच का?" मी म्हटलं, नाही, ते उजवीकडे, खाली, इथून दिसत नाही.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट : माल्मोला परतताना पुलापलीकडे कधीकधी पोलीस डब्यात चढून पासपोर्ट बघतात, तो सोबतच ठेवा. आमचा पाचही दिवसांत एकदाच बघितला, तोही त्या संध्याकाळी. पोलीस पोरानं मावशीचा पासपोर्ट चाळला, मांडीवरच्या उघड्या वहीकडे बघितलं, आणि हे काय म्हणून विचारलं. "फॅमिली," मावशी म्हणाली. त्यानं मान डोलावून पासपोर्ट परत दिला. मग तिनं लेकाला फोन लावला, "वीस मिनिटांत पोचतोय. भात लावून ठेव."